चार ‘का’ पुरे

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून कल्पेशच्या गाळ्यावर जायला लागले. गाळा उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये. टिफिनच्या डब्यांची झाकणे बनवतात. आत प्रेस मशीनचा धडधडाट, बाहेर रिक्षांचा. मधल्या जागेत अकलेचा संपूर्ण अभाव.

कल्पेश माझा भाचा. काल जेवताना म्हणाला, आत्या, घरात बसून कंटाळतेस, गाळ्यावर येत जा, जरा लक्ष ठेव. वहिनीने ही कल्पना इतकी उचलून धरली की मलाच आश्चर्य वाटले. माझा डबाही तिनेच भरला. माझ्या अनुभवाची किंमत उशिरा का होईना, या घराला कळली.

चौतीस वर्षे मोठ्या कंपनीच्या पर्सोनेल खात्यात काढली. तिथल्या अपघातांचा एकूण एक रिपोर्ट माझ्या टाइपरायटरवरून गेला. ‘कारण’ या रकान्यात नेहमी एकच वाक्य: कामगाराचा निष्काळजीपणा. एकही रिपोर्ट कधी परत आला नाही. याला म्हणतात अभ्यास.

संकल्प: रोज साडेनऊला हजर. कोणाशी सलगी नाही. साखर बंद.

७ जानेवारी

पोचायला पावणेअकरा. बदलापूरहून यायचे म्हणजे शिक्षा. आमच्या सोनिवलीत जिथे बाबांची भातशेती होती तिथे आता चौदा मजले उभे आहेत आणि त्या चौदाही मजल्यांतल्या लोकांना साडेआठलाच रिक्षा हवी असते.

गाळ्यात फरशी नाही, कोबा आहे. म्हणजे असावा. वर तेल, पत्र्याचा कीस आणि रस्त्यावरची माती यांचा इतका थर आहे की खात्री देता येत नाही. सिस्टर फिलोमिना असत्या तर त्यांनी दारातच क्रॉस केला असता. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पायपुसण्यावर उभे राहायच्या आधीसुद्धा पाय पुसावे लागत.

शेजारच्या झिपवाल्या सेठने स्टूल पुढे केले. म्हणाला, अम्मा, बैठो. मी याची अम्मा? दिसायला माझ्यापेक्षा मोठा आहे तो.

साखर उद्यापासून. आज चहा आधीच गोड करून आणला होता.

१० जानेवारी, शुक्रवार

माणसांचा आढावा घेतला.

जितेश. मुख्य प्रेसवर. बोलायला लागला की हिंदी-मराठीची मिसळ. मला म्हणाला, मॅडम, टेन्शन नका घेऊ, सगळं सेट आहे. माझ्या चेहऱ्यावर टेन्शन नव्हते. तिरस्कार होता. फरक कळायलाही शिक्षण लागते.

बकुळा. पॅकिंगला. कानात इयरफोन, तोंडात बडीशेप. प्रश्न विचारला की हसते.

संजीवनी. डाय पुसणे, तेल लावणे, प्रेसजवळ आणून ठेवणे. डाय म्हणजे झाकणाचा साचा, सगळा लोखंडाचा, बाई उचलते कशी देव जाणे. अंबरनाथच्या बुवापाड्यात राहते. नवरा नाही, मुलगी शाळेत, सासू खाटेवर. एकटीच्या पगारावर घर. कामाला बरी, पण नजर वर करून बोलते.

कल्पेशला सांगितले, फरशी घाल, त्याशिवाय इथे सुधारणा अशक्य. तो म्हणाला, आत्या, प्रेसखाली फरशी टिकत नाही. मी म्हणाले, दर्जेदार घातली तर टिकते. तो डोके खाजवत गेला. म्हणजे पटले.

१४ जानेवारी, संक्रांत

फरशी आली! मोठमोठ्या, पांढऱ्या, चकचकीत लाद्या. वहिनीने कल्पेशला काय सांगितले कोण जाणे, पण दोन दिवसांत काम झाले. मी घरी असताना वहिनी मोबाईलवर कोणाला तरी सांगत होती, जल्ला ती फरशी घाल, पण तिला तिकरंच ठेव. कामाचा माणूस कामाच्या जागी हवा, हे अडाणी बाईलाही कळते.

तिळगूळ खाल्ला. हा साखरेत धरत नाहीत, गुळात धरतात.

१६ जानेवारी, गुरुवार

फरशीवर पावलांचे ठसे. तेलकट, काळे, प्रत्येकाच्या चपलेच्या नक्षीसकट. डोके फिरले. चपला बाहेर काढा म्हणून सांगितले. ऐकतो कोण? जितेश म्हणाला, मॅडम, कारखाना आहे, हॉल नाही.

मग मी डोके चालवले. या लोकांना स्वच्छता कळत नाही, पण देव कळतो. दसऱ्याला प्रेसला हार घालतात, हळदकुंकू लावतात, भिंतीवर लक्ष्मीचा फोटोही टांगलेला आहेच. तेव्हा पेंटरकडून लाल अक्षरांत पाटी करून घेतली आणि दारावर ठोकली:

मशीन म्हणजे लक्ष्मी.
लक्ष्मीसमोर पायात काही घालू नये.
पादत्राणे बाहेर.

मजकूर माझा. तीन ओळी, एकही शब्द जास्त नाही.

दुपारपर्यंत सगळ्यांच्या चपला बाहेर. बकुळाने तर आत येताना उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. मी मनात हसले. यांच्याशी यांच्याच भाषेत बोलावे लागते.

२० जानेवारी, सोमवार

आमची झाकणे घेणारी डब्याची कंपनी आहे, तिचे पत्र आले. सर्व कामगारांना सेफ्टी बूट द्या. बोटांवर लोखंडी टोपी असलेले. नाहीतर ऑर्डर बंद. फेब्रुवारीत त्यांचे कोणीतरी बघायला येणार.

कल्पेशने बूट आणले. काळे, जड, म्हशीच्या खुरांसारखे. लगेच घालून माझ्या फरशीवर परेड सुरू. मी थांबवले.

व्यवस्था लावून दिली. दाराबाहेर लाकडी फळी, फळीवर बूट ओळीत, प्रत्येक जोडावर नाव. कंपनीचा माणूस येईल तेव्हा घालायचे. तोपर्यंत नवे राहतील. फोटो काढून कल्पेशला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

मॅनेजमेंट म्हणजे हेच. नियम दोन, भांडण शून्य.

२२ जानेवारी, बुधवार

संजीवनी बूट घालून आत उभी. विचारले, पाटी वाचता येते ना? म्हणाली, येते मॅडम, पण डाय जड असते, बूट असले की बरं वाटतं. मी म्हणाले, लक्ष्मीसमोर बूट घालून उभी राहतेस, लाज वाटत नाही? तर म्हणते, मॅडम, डाय पायावर आली तर लक्ष्मी झेलणार आहे का?

बाकीचे खिदळले. मी तिला बाहेर पाठवून बूट काढून यायला लावले. शिस्तीत एकाला सूट दिली की दहा जण मागतात.

उद्धटपणा. दुसरे काही नाही.

उद्यापासून सकाळी चालायला जाणार. साखरेचा विषय पुढच्या सोमवारी.

२८ जानेवारी, मंगळवार

अपघात.

संजीवनीच्या पायावर डाय पडली. साडेअकराच्या सुमारास. मी तेव्हा माझ्या टेबलावर होते, नियमावली लिहीत होते. आधी आवाज आला, मग काहीच आवाज आला नाही, मग बकुळा किंचाळली. संजीवनी स्वतः ओरडली नाही. नुसती फरशीवर बसली.

जितेशने उचलून रिक्षात घातले. दोन बोटे मोडली, पायाला प्लास्टर. दीड-दोन महिने पाय टेकायचा नाही.

फरशीला एक मोठी चीर गेली आहे.

२९ जानेवारी

कल्पेशने केबिनमध्ये बोलावले. दार लावले. म्हणाला, आत्या, डब्याच्या कंपनीला कळवावं लागलं. बारा तारखेला त्यांची माणसं येणार. नुसतं ‘लागलं’ म्हणून चालत नाही, मूळ कारण शोधून लेखी द्यायचंय. तुझा यात हात बसलेला आहे, तूच कर.

मी म्हणाले, यात शोधायचे काय? तो म्हणाला, नाही आत्या, नीट कर, कारण तिचं सगळं त्याच्यावर आहे. गाळ्याची चूक निघाली तर कंपनीच्या नियमाप्रमाणे तिचा दवाखाना, घरी बसल्याचा पगार, सगळं आपल्याकडे, आणि जागा राखून ठेवायची. तिची चूक निघाली तर विषय संपला. मला दुसरी बाई बघावी लागेल.

मी विचारले, तुला काय निघालेले आवडेल? तो म्हणाला, मला तू विचारूच नकोस, मला झोप नाही.

कमकुवत मुलगा. बापावर, आण्णावर गेला आहे. माझा भाऊही असाच. जमीन विकली तेव्हा बिल्डरपेक्षा तोच जास्त रडला होता.

मी मात्र निःपक्षपाती राहणार.

३० जानेवारी, गुरुवार

तपासाचा पहिला दिवस.

डब्याच्या कंपनीने पद्धत पाठवली आहे. जपानी आहे म्हणे. पाच वेळा ‘का’ विचारायचे. प्रत्येक उत्तराला पुन्हा ‘का’. पाचव्याला मूळ कारण हाताला लागते. साधी पद्धत आहे. लहान मुले हेच करतात आणि मार खातात.

अपघाताचे प्रात्यक्षिक घेतले. डायच्या जागी झाकणांची चळत. संजीवनीच्या जागी बकुळा. मी ‘पडू दे’ म्हणाले आणि बकुळाने खरेच पडू दिली. एक झाकण घरंगळत जाऊन जितेशच्या पोटरीला कापले. टाका पडला नाही, पट्टीवर भागले. हा अपघात मोजायचा नाही. हा तपासाचा भाग होता.

३१ जानेवारी, शुक्रवार

साक्षी घेतल्या. एकेकाला टेबलासमोर उभे केले.

जितेश: मॅडम, बूट घातले तर तुम्ही ओरडणार, काढले तर कंपनी ओरडणार. आपण काय करायचं, बीच में लटकायचं?

हे उत्तर नोंदवले नाही. हा प्रश्न होता.

बकुळा: हसली. मग रडली. मग म्हणाली, संजीवनीताईला परत घेणार ना मॅडम? तिला सांगितले, तपास चालू असताना असे विचारणे म्हणजे तपासावर दबाव. तिने इयरफोन घातले.

झिपवाला सेठ: अम्मा, मैंने तो पहले ही बोला था, नंगे पैर मशीन पे काम? त्याने आधी काहीही बोलल्याचे मला आठवत नाही. शिवाय त्याच्या दुकानात जास्तीत जास्त काय पडणार? झिप.

संजीवनीची साक्ष घेतली नाही. तिचा यात स्वार्थ आहे.

१ फेब्रुवारी, माघी गणपती

घरी गणपती. मोदक चार. देवाचा प्रसाद नाकारता येत नाही.

वहिनीला धरले. तिला विचारले, गाळ्यात लक्ष्मीचा फोटो कोणी लावला? म्हणाली, मी. म्हणजे अंधश्रद्धेचे मूळ आमच्याच घरात! मी म्हणाले, तुझ्यामुळे लोक अनवाणी काम करतात. ती पुरणाचे हात कंबरेवर ठेवून उभी राहिली. म्हणाली, आवरा! मी पूजेपुरत्या चपला कारायला सांगलेल्या बाय, अर्ध्या तासासाठी. मंग समद्यांनी घातल्या. पाटी कोनी ठोकली? मना कशाला मधी घालतंस?

आण्णा वर्तमानपत्राआड हसला. मला दिसले. वर्तमानपत्र हलत होते.

वहिनीचे नावच ठमाबाई; अशा नावाच्या माणसाकडून तर्काची अपेक्षा ठेवणेच चूक. चौथीपर्यंत शाळा. पाटी आणि फोटो यात मुख्य दोष फोटोचा. फोटो आधी आला.

३ फेब्रुवारी, सोमवार

मूळ कारण सापडले. रिपोर्ट लिहायला घेतला.

पहिला का. पाय का मोडला? जड डाय पायावर पडली.
दुसरा का. सेफ्टी बूट असून का मोडला? बूट पायात नव्हते.
तिसरा का. पायात का नव्हते? बाहेर फळीवर होते.
चौथा का. बाहेर का होते? कामगार मशीनला लक्ष्मी मानतात आणि तिच्यासमोर पादत्राणे काढतात. अंधश्रद्धा व अज्ञान.
पाचवा का.

इथे चहा आला.

चहानंतर नीट विचार केला. पाचव्या ‘का’ची गरज नाही. मूळ चौथ्यातच सापडल्यावर पुढे खणत बसणे हा वेळेचा अपव्यय. जपान्यांकडे वेळ असेल. चार पुरे.

निष्कर्ष: संबंधित कामगाराने स्वतःच्या समजुतीमुळे सुरक्षा साधन वापरले नाही. चूक कामगाराची.

चौतीस वर्षांत इतका सुंदर रिपोर्ट लिहिला नव्हता. दोनदा मोठ्याने वाचला.

५ फेब्रुवारी, बुधवार

हा विषय एका गाळ्यापुरता ठेवणे अन्याय होईल. व्याख्यान तयार केले: ‘अपघात आणि अडाणीपणा’. कॅम्प दोनच्या लघुउद्योजकांसमोर द्यायचे. तीन ठिकाणी फोन केले. एकाने विचारले, बाई, इन्शुरन्स विकता का? दुसऱ्याने कल्पेशचा नंबर मागितला. तिसरा उचलतो आणि ठेवतो.

तोपर्यंत सराव म्हणून दुपारच्या सुट्टीत गाळ्यातच दिले. सगळे जेवत होते. जितेशने मध्येच विचारले, मॅडम, लोणचं घेणार? मी घेतले नाही. व्याख्यान देणाऱ्याने प्रतिष्ठा राखावी लागते.

नंतर घेतले. चांगले होते.

आज लक्षात आले, सगळे अजूनही अनवाणीच आहेत. डायच्या कामावर आता बकुळा. पाटी काढू का, असा प्रश्न जितेशने विचारला. मी म्हणाले, तपास पूर्ण होईपर्यंत घटनास्थळाला हात लावायचा नसतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रिपोर्टला संजीवनीची सही हवी. कल्पेश जायला तयार नाही. म्हणाला, आत्या, माझ्याच्याने होणार नाही. मीच गेले. बुवापाडा. रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडाशी सोडले.

एक खोली. सासू खाटेवर, भिंतीकडे तोंड. संजीवनी जमिनीवर, पाय उशीवर. प्लास्टरच्या बाहेर आलेली बोटे जांभळी. मी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. किराणा दुकानाचे होते, छपाई वाईट.

मुलीने चहा केला. साखर जास्त होती. प्यायले.

रिपोर्ट तिच्या हातात दिला. तिने सावकाश वाचला. पुन्हा वरून वाचला. म्हणाली, मॅडम, यात तुम्ही नाहीत.

मी विचारले, मी कशाला असेन?

ती म्हणाली, मी बूट घातलेले ना त्या दिवशी? बावीस तारखेला? तुम्ही काढायला लावलेत. मी परत घातले नाहीत. तेवढंच लिहा ना. मी तुमच्यावर केस नाही करणार. फक्त मला अडाणी लिहू नका. मी बारावी आहे.

मी म्हणाले, सही कर.

ती म्हणाली, सही केली तर जागा गेली ना मॅडम? आणि नाही केली तर?

मी म्हणाले, तर तुझे असहकार्य नोंदवावे लागेल.

तिने कागद घडी घालून परत दिला. फार नीट घडी घातली. म्हणाली, मग नोंदवा. खाटेवरची सासू इतका वेळ भिंतीकडे तोंड करून होती, ती तशीच पडून म्हणाली, बाईला रिक्षापर्यंत सोड गं पोरी, इकडं गटार उघडं हाय.

मुलगी सोडायला आली. गटार खरेच उघडे होते.

वेदनाशामक गोळ्यांनी स्मरणशक्तीवर परिणाम होतो. हे वैद्यकीय सत्य आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

गेले नाही गाळ्यावर. डोके दुखत होते. वहिनी दोनदा विचारून गेली, आज नाय जात का बाय? तिसऱ्यांदा रिक्षाच बोलावून आली.

रिपोर्टमध्ये सुधारणा केली. ‘अज्ञान’ हा शब्द काढला. बारावी म्हणजे तांत्रिकदृष्ट्या अज्ञान नाही. ‘अंधश्रद्धा’ ठेवला.

सहीच्या जागी लिहिले: कामगार उपलब्ध नाही.

१० फेब्रुवारी

कल्पेशने रिपोर्ट वाचला. कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मग म्हणाला, आत्या, चारच ‘का’ आहेत. मी कारण सांगितले. त्याने मान हलवली आणि म्हणाला, ठीक आहे, तू म्हणतेस तर. पाटी काढून ठेवू का बारा तारखेच्या आधी?

मी म्हणाले, काढायची गरज काय? पाटीत चूक काय आहे? ती स्वच्छतेची पाटी आहे.

तो म्हणाला, लक्ष्मीची आहे.

मी म्हणाले, वाचणाऱ्याच्या पातळीवर अवलंबून आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सगळे सविस्तर लिहून ठेवते, कारण लोक विपर्यास करतील.

डब्याच्या कंपनीची बाई आली. बाई कसली, मुलगी. नाव जिज्ञासा. पाठीला बॅग, पायात स्वतःचेच सेफ्टी बूट. दारात मी म्हणाले, बूट. ती म्हणाली, हो, घातलेत. आणि सरळ आत.

आमचे सगळे आज बूट घालून, पोपटासारखे ओळीत. जितेश लंगडत होता, नव्या बुटाने चावले होते.

जिज्ञासाने रिपोर्ट वाचला. म्हणाली, म्हणजे कामगाराने स्वतःच्या श्रद्धेने बूट काढले? कल्पेशने बुटांकडे बघत हो म्हटले. तिने लिहून घेतले. म्हणाली, मग सोपं आहे, आमच्याकडून क्लोज. तिला बदला, बाकीच्यांना ट्रेनिंग द्या.

झाले होते. तिने बॅगेची चेनसुद्धा लावली होती. बकुळा रडायला लागली तरी मी स्थिर होते.

जाता जाता मुलगी दारात थांबली. पाटी वाचली. हसली. आणि म्हणाली, हे कुठल्या अडाण्याने लिहिलंय?

कल्पेश पटकन म्हणाला, जुनी आहे मॅडम. आधीच्या भाडेकरूची.

जिज्ञासा म्हणाली, तेच म्हटलं. कोणीतरी भटजी-बिटजी असणार. शिकलेला माणूस असलं लिहिणार नाही.

मी गप्प राहू शकले असते. हे मी स्पष्ट नोंदवते. राहू शकले असते.

पण चौतीस वर्षे. कॉन्व्हेंट. सिस्टर फिलोमिनांनी माझा निबंध सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवलेला. आणि ही कालची पोर मला भटजी म्हणते?

मी म्हणाले, तो मजकूर माझा आहे. विचारपूर्वक लिहिलेला आहे. या लोकांना फरशी स्वच्छ ठेवा म्हटले तर कळत नाही, म्हणून देवाचे नाव घातले. मी स्वतः लक्ष्मी-बिक्ष्मी काही मानत नाही. हे मानसशास्त्र आहे.

गाळ्यात प्रेस बंद होते. त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेले.

जिज्ञासाने बॅगेची चेन उघडली. विचारले, म्हणजे फरशीसाठी? मी म्हणाले, अर्थात फरशीसाठी. तिने विचारले, कोणी बूट घालून आलं तर? मी म्हणाले, एकदा आली होती ना ही संजीवनी. काढायला लावले. शिस्त म्हणजे शिस्त.

म्हणजे मी उत्तम बोलले. मुद्देसूद. फक्त बोलता बोलता लक्षात आले की कल्पेशने डोळे मिटून घेतले आहेत आणि जितेश माझ्याकडे असा बघतो आहे जसे कोणाला घसरताना बघावे.

जिज्ञासाने माझाच रिपोर्ट माझ्यासमोर धरला, पेन काढले आणि चौथ्या ‘का’खाली पाचवा लिहिला. उत्तरासाठी मला विचारलेसुद्धा नाही. माझे पूर्ण नाव मात्र विचारले. कुमुदिनीतला मु पहिला की दुसरा, तेही.

१३ फेब्रुवारी

निर्णय आला. चूक गाळ्याची. संजीवनीचा दवाखाना, घरी बसल्याचा पगार गाळ्याकडे. जागा तिची. पाटी आजच्या आज काढायची. फरशी उखडून खरखरीत घालायची. ऑर्डर मात्र चालू.

कल्पेश म्हणाला, आत्या, बरं झालं तू बोललीस. खरं तर माझ्यात हिंमत नव्हती. मी म्हणाले, मी हेतुपूर्वकच बोलले. तो म्हणाला, हो आत्या. मग म्हणाला, तू आता थोडे दिवस आराम कर.

थोडे म्हणजे किती, हे विचारले नाही.

बुवापाड्याला कल्पेश स्वतः जाऊन आला. तिथे काय झाले ते मला कोणी सांगितले नाही. वहिनीला सांगितले. ती मला सांगायला दोनदा माझ्या खोलीपर्यंत आली, दार बंद होते.

मी आतच होते.

२ मार्च, रविवार

सकाळी चालायला जाणे सुरू करायचे होते. उद्यापासून.

२४ मार्च, सोमवार

चष्म्याचे जुने घर गाळ्याच्या टेबलाच्या खणात राहिले होते. कल्पेश आणून देतो म्हणाला. म्हटले, मीच जाते. कंपनीत एवढी वर्षे काढलेल्या माणसाला कोणी आणून देण्याची गरज नाही.

दारात संजीवनी. उंच स्टुलावर, एक पाय खाली लाकडी खोक्यावर टेकवलेला. जड उचलायचे अजून चालत नाही म्हणून तिला दारावर बसवले आहे. आत येणाऱ्याचे पाय बघायचे, एवढेच काम. कंपनीनेच सांगितले म्हणे, ज्याला लागले त्यालाच बसवा.

मला बघून ती उठायला लागली. मी म्हणाले, बस. ती म्हणाली, या मॅडम.

मग माझ्या पायांकडे पाहिले. सँडल.

म्हणाली, बूट लागतील मॅडम. मी सवयीने सँडल काढल्या. ती म्हणाली, तसंही नाही चालत आता. पाहुण्यांसाठी फळीवर दोन जोड होते. एक झिपवाल्या सेठच्या मापाचा, दुसरा त्याहून मोठा. मी दोन्ही घालून पाहिले.

संजीवनीने आत हाक मारली, बकुळा, मॅडमचं चष्म्याचं घर दे गं बाहेर. आणि चहा सांग. साखर जास्त, त्यांना लागते.

आत सगळे बूट घालून होते. नवी फरशी राखाडी, खरखरीत, तिच्यावर काही उठून दिसत नाही. माझे टेबल दुसरीकडे लावले आहे.

मी बाहेर सेठच्या स्टुलावर बसले. चहा आला. प्यायले.